सही करण्याआधी

परवा फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, "ताई, पगार झाला की खर्चापुरते ठेवते आणि बाकीचे बाबांच्या खात्यात टाकते. पुढचं ते बघतात." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण फोन स्पीकरवर होता आणि आई-बाबा शेजारीच बसले होते. पण ते वाक्य मनातून जाईना. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. हे आपल्या दोघींतच राहू दे असं मात्र म्हणणार नाही. वाचून झालं की तुझ्या मैत्रिणींना जरूर दाखव.

बाबांवर विश्वास ठेवू नकोस, असं मी सांगत नाहीये. त्यांनी एका पगारात आपल्या दोघींची शिक्षणं केली, कुणापुढे हात पसरला नाही. पण तू आता दोन वर्षं कमावते आहेस आणि तुझे पैसे कुठल्या बँकेत, कुणाच्या नावावर, किती व्याजाने आहेत हे तुला सांगता येत नाही. उद्या लग्न ठरलं की "बाबा बघतात"च्या जागी "ते बघतात" येईल. बघणारा बदलेल, तू मात्र आहेस तिथेच राहशील. मला त्याची काळजी वाटते.

आमच्या शेजारच्या काकू तुला आठवत असतील, दिवाळीला अनारसे पाठवायच्या त्या. काका गेल्यावर तेराव्यानंतर त्यांनी मला कपाट उघडायला सोबत बोलावलं. लॉकरमध्ये रबरबँड लावलेल्या ठेवींच्या पावत्या होत्या, दोन विमा पॉलिसी होत्या आणि जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले खाते क्रमांक होते. कुठला क्रमांक कुठल्या बँकेचा, ते काकांनाच ठाऊक. त्यांचा फोन लॉक होता आणि ओटीपी सगळे त्याच फोनवर यायचे. सगळ्यात मोठी ठेव काकांनी लग्नाआधी उघडली होती आणि तिच्यावर नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचं नाव होतं. त्या आजींना जाऊन कैक वर्षं झाली. पुढे प्रत्येक नूतनीकरणात जुनीच माहिती तशीच छापून येत राहिली. काकूंनी त्या पावतीकडे बघून मला विचारलं, "म्हणजे हे माझे नाहीत का गं?" त्यांचेच होते, मुलांसकट. पण ते सिद्ध करायला वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्रं, मुलांच्या संमतीच्या सह्या असं सगळं जमवावं लागलं. आणि हे सगळं कधी, तर बाईला धड चार घास जात नव्हते त्या दिवसांत.

त्यातून मी जे शिकले ते तुला सांगते. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते वारसांच्या वतीने. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम सहसा त्यांचीच होते. नॉमिनी मालक नसला, तरी त्याचं नाव नसेल तर पैसे मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते काकूंकडे पाहिलंच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. तुझ्या पीएफचं आणखी एक आहे. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्न झालं की रद्द समजलं जातं, नवं करावं लागतं. हळद उतरायच्या आत कर असं म्हणत नाही, पण महिनाभरात कर.

आता तुझ्या पगाराकडे येऊ. सगळ्यात आधी पगार तुझ्या खात्यात राहू दे. घराला जे द्यायचं ते ठरवून, आकडा ठरवून दे आणि मनापासून दे. बाकीच्याचं काय करायचं ते बाबांशी बोलून ठरव, पण ठरव तू. पहिले सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला काढ, साध्या मुदत ठेवीत, हात घातला की मिळतील असे. नोकरी सुटली, कुणी आजारी पडलं किंवा जिथे राहतेस तिथून एका रात्रीत निघावं लागलं, तर हे पैसे उपयोगी पडतात. शेवटचं कारण मी मुद्दाम लिहिलं. माझ्या पाहण्यात अशा बायका आहेत ज्यांना निघायचं होतं आणि रिक्षाला पैसे नव्हते.

ठेव कुठे ठेवायची ते नीट ऐक, कारण आपल्याकडे इथेच माणसं बुडतात. गावाकडे पतसंस्थेत दीड-दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून सगळे तिकडे धावतात. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. एका बँकेत एका माणसाचे मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्या वेळी संरक्षण १ लाखाचं होतं, फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ लाख झालं. म्हणजे बँकेलाही डोळे झाकून सगळं देऊ नये. पाच लाखांच्या वर गेलं की दुसरी बँक बघावी.

लांबच्या पल्ल्यासाठी पीपीएफचं खातं उघड. पंधरा वर्षांचं असतं, वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. व्याज सरकार दर तिमाहीला जाहीर करतं आणि एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्क्यांवर आहे. महिन्याला ५,००० भरलेस आणि हाच दर टिकला, तर पंधरा वर्षांत तू भरलेले ९ लाख साधारण पावणेसोळा लाख होतील. एक बारीक गोष्ट: महिन्याची ५ तारीख आणि महिनाअखेर यांच्यामधली जी कमीत कमी शिल्लक, तिच्यावर व्याज मोजतात. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरायचे. सहाला भरलेस तर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज गेलं. कर्ज फेडायला कोर्ट एरवी मालमत्तेवर जप्ती आणतं, पण पीपीएफच्या पैशांवर आणू शकत नाही. उद्या स्वतःचा काही उद्योग काढायचं मनात आलं तर हे लक्षात असू दे.

म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू कर, पण आधी समजून घे. शेअर बाजारातला पैसा मधेच तीस-चाळीस टक्के खाली येऊ शकतो. २०२० च्या मार्चमध्ये आला होता. ज्या पैशाला सात-दहा वर्षं हात लावायचा नाही, तोच तिथे घाल. साधा इंडेक्स फंड घे आणि डायरेक्ट प्लॅन घे. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचे असे वेगळे प्लॅन मिळतात. रेग्युलर प्लॅनमध्ये विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी तुझ्या पैशातून जातं. एक टक्का म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं, पण वीस-पंचवीस वर्षांत तो लाखांत जातो.

आणि नात्यातले काका पॉलिसी घेऊन येतील. येणारच, तुझा पगार सुरू झाल्याचं सगळ्यांना कळलंय. त्यांना चहा दे, मान दे आणि हसून विचार, "काका, यात तुम्हाला पहिल्या वर्षी किती कमिशन मिळतं? आणि मला वर्षाला किती टक्के पडतील?" विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या बहुतेक पॉलिसी हिशेब केला तर पाच-सहा टक्क्यांच्या आसपास देतात आणि मधेच बंद केल्या तर मोठं नुकसान होतं. आयुर्विमा कुणासाठी? तुझ्या कमाईवर कुणी अवलंबून असेल त्याच्यासाठी. तसं असेल तर निव्वळ मुदतीचा, टर्म विमा घे. आरोग्य विमा मात्र कंपनीने दिला असला तरी वेगळा हवा. नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो.

सोन्याबद्दल तू ऐकणार नाहीस, मला माहीत आहे. घे, अंगावर घालायला घे. फक्त दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी भरतेस आणि मोडायला गेलीस की घडणावळ परत मिळत नाही, वर घट धरतात, हे डोक्यात ठेव. बिल सांभाळ. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरांचा एचयूआयडी बघून घे. बिल सांभाळायचं आणखी मोठं कारण आहे. लग्नात तुला माहेरून, सासरहून, पाहुण्यांकडून जे मिळेल ते तुझं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन पूर्णपणे स्त्रीचं, ते सासरच्यांकडे ठेवायला दिलं तरी त्यांचं होत नाही. पण काय-काय होतं हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून यादी कर, फोटो काढ, आईकडे एक प्रत ठेव. हे संशयाने करायचं नाही गं. गाडीची कागदपत्रं ठेवतेस तसंच.

कुणी जामीन राहायला सांगितलं, चुलत भाऊ असो की ऑफिसातली मैत्रीण, तर एवढंच लक्षात ठेव की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुझ्या दारात येऊ शकते. "नुसती सही तर करायची आहे" हे वाक्य ऐकलं की सावध हो.

आणि आता सहीचाच विषय निघाला आहे, तर ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं ते लिहिते. गावची जमीन. आजोबा गेले तेव्हा आत्यांना तालुक्याला नेलं, साडी-चोळी केली आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. तू लहान होतीस. आत्यांना त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. धाकट्या आत्यांचे यजमान पुढे आजारी पडले, तेव्हा औषधाला पैसे मागायला त्या भावांच्याच दारात आल्या. भावांनी दिले, नाही असं नाही. पण मागावे लागले.

ही आपल्याच घराची नव्हे, महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांची रीत आहे. बहिणीने हक्क मागितला की माहेर तुटलं असं समजतात. रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर "मला आता पटत नाही" म्हणून मागे घेता येत नाही. ते फिरवायचं तर कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. कायदा मुलीच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, २२ जून १९९४ पासून, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका वाटा दिला, पण ज्यांची लग्नं तोवर झाली होती त्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुली त्यात आल्या. तरी वाद राहिला की २००५ मध्ये वडील हयात हवेत का. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही.

तुला हक्क सोडायचा असेल तर सोड. भावाची परिस्थिती ओढग्रस्तीची असते, बहिणीचं बरं चाललेलं असतं, प्रेमाने देणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. पण कागद दोन दिवस आधी घरी आण, सातबारा बघ, आपला वाटा किती आणि आजच्या भावाने त्याची किंमत किती ते समजून घे, मग काय ते ठरव. राखीच्या दिवशी, जेवणाच्या पानावरून उठवून, गाडी खाली थांबली आहे म्हणून सही करायची नाही. कुणी रागावलं तर रागावू दे, दोन दिवसांनी राग उतरतो.

अजून एक नाव तुला माहीत असायला हवं, नारायणीदेवी. १९५५ साली लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी परतली, शिकली, नोकरीला लागली. १९९६ मध्ये वारली, मृत्युपत्र न करता. तिची आई हयात होती. नवऱ्याच्या बहिणीची मुलंही हक्क सांगायला आली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकाल दिला तो त्या मुलांच्या बाजूने, कारण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेल्या विधवेने स्वतः कमावलेलं धन आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, आई-वडिलांकडे त्यानंतर. ज्या घराने तिला हाकललं त्या घराकडे तिची आयुष्यभराची बचत गेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एका कागदाने हे सगळं टळलं असतं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर स्वच्छ लिही, तारीख घाल, दोन साक्षीदारांसमोर सही कर आणि त्यांच्याही सह्या घे. साक्षीदार असे निवड ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. पंचविशीत कसलं मृत्युपत्र म्हणू नकोस. पीएफ सुरू झाला तेव्हाच तुझ्याकडे मागे ठेवण्यासारखं काहीतरी झालं.

तू म्हणशील, ताई, हे सगळं मला कसं कळणार, माझं गणित कच्चं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चल एकदा. तिथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, चेतना सिन्हांच्या पुढाकाराने. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँका तिचं खातं उघडायला तयार नव्हत्या, तिथून सगळं सुरू झालं. बायकांनी स्वतःच्या बँकेसाठी अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण बऱ्याच सभासद अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका गावी आल्या, लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. भाजी विकणारी बाई रोज उसने पैसे घेऊन माल उचलते, तिला व्याज आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिला कळत नाहीत ते फॉर्म, त्यातली भाषा आणि काउंटरपलीकडचा तुसडा आवाज. तुझंही गणित कच्चं नाही, तुला कुणी शेजारी बसवून सांगितलं नाही इतकंच.

म्हणून तू सांग. आपण बायका हळदीकुंकवाला जमलो की सुनांचं, गुडघ्यांचं, साड्यांचं सगळं बोलतो. पैशाचं काढलं की कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे गं, कुठे तो विषय." तोच विषय काढ. भिशीच्या दिवशी पाच मिनिटं काढून सगळ्यांना आपापल्या पासबुकावर नॉमिनीचं नाव आहे का ते बघायला लाव. भिशीवर व्याज मिळत नाही आणि कुणी पळून गेलं तर दाद मागणं अवघड, पण पैशाचं उघड बोलायची बायकांची ती एक हक्काची जागा आहे, ती वापर. कुठला शेअर घ्यावा हे मात्र कुणाला सांगू नकोस, ते आपलं काम नव्हे. पैसे घेऊन सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, आणि सल्ला घ्यायचा असेल तर तो नोंदणी क्रमांक विचारायचा, एवढं सांग.

तुमच्या फ्लॅटवर कामाला येणाऱ्या मावशींपासून सुरुवात कर. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा झाले की नाही हे त्यांना शेजारणीकडून कळतं आणि एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असतं, असं तूच सांगितलंस. त्यांच्याबरोबर एकदा बँकेत जा. त्यांचाच मोबाइल नंबर खात्याला जोडून घे. मेसेज कसा वाचायचा ते दाखव. आणि हे पाठ करून घे: पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा.

आणि आई. तिचं एकही खातं एकटीच्या नावावर नाही, तुला माहीत होतं का? परवा विचारलं तर म्हणाली, "मला कशाला?" पुढच्या खेपेला घरी जाशील तेव्हा तिला बँकेत ने. दुसरा आणि चौथा शनिवार टाळून जा, बँक बंद असते. आधार, पॅन आणि दोन फोटो बरोबर ने. ती फॉर्म तुझ्याकडे सरकवेल, तू भरू नकोस, तिलाच भरू दे, मागे रांग वाढली तरी चालेल. बाबांची जी खाती आहेत त्यांत तिचं नाव "आयदर ऑर सर्व्हायव्हर" या पद्धतीने घालायचं असेल तर बाबांनाही सोबत यावं लागेल, तेव्हा त्यांच्याशी आदल्या रात्री बोल. मी त्यांना सांगून ठेवलं आहे. जरा पुटपुटले, पण येतो म्हणाले.